खंदकातला शिपाई काय सांगत होता

१९१५ साली इंग्लंडमधल्या इस्पितळांतून हिंदुस्थानात जाणाऱ्या शिपायांच्या पत्रांत मसाल्याचा विषय निघू लागला. काळी मिरी भराभर खर्च होते आहे, लाल मिरची मात्र जपून वापरली जाते, अशा अर्थाची वाक्यं त्यांत येत. पत्रं तपासणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्याचा उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी आणि लाल मिरची म्हणजे गोऱ्या. आघाडीवर कोणाला पुढे घातलं जातं, कोणाला राखून ठेवलं जातं, याबद्दलचं आपलं मत शिपाई गावाकडे पोचवत होता. भावाला किंवा चुलतभावाला भरतीपासून लांब राहायचा इशाराही त्यात असे. आपलं पत्र मधे कोणीतरी वाचणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बोलायची वाट त्यानं शोधली होती. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाचं जे चित्र आपल्याकडे चालत आलं आहे, त्यात हा माणूस कुठे बसत नाही. एका चित्रात तो सरकारचं मीठ खाल्लेला इमानी वीर असतो. दुसऱ्या चित्रात दुसऱ्याच्या युद्धात फरफटत नेलेला अजाण बळी असतो. एक चित्र साम्राज्यानं काढलं, दुसरं साम्राज्याच्या विरोधकांनी. दोन्हींत शिपाई गप्प आहे. माझं म्हणणं असं की तो गप्प नव्हता. खंदकात काय चाललं आहे, ते का चाललं आहे आणि त्याची किंमत कोण मोजतं आहे, हे त्यानं नीट पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं. त्याची आठवण ठेवायची तर आधी त्याला साक्षीदार मानून त्याची साक्ष ऐकायला हवी.

साक्षीचं मोल कळायला त्याच्यावर काय गुदरलं ते थोडं तपशिलात पाहावं लागेल. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनचं सैन्य फ्रान्सच्या मार्सेय बंदरात १९१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरलं. मूळ ब्रिटिश सैन्य पहिल्या दोन महिन्यांतच इतकं झिजलं होतं की हिंदी पलटणींना सराव, गरम कपडे, तोफा, कशाचीही पुरेशी तयारी होण्याआधी बेल्जियमच्या इप्र शहराजवळ आणि उत्तर फ्रान्समधल्या नव्ह शापेल, फेस्त्युबेर, जिव्हाँशी या गावांसमोर उभं करण्यात आलं. हा मुलूख सपाट आणि सखल. हात-दोन हात खणलं की पाणी लागतं. पावसाळी हिवाळ्यात खंदकाच्या भिंती ढासळत, तळाशी गुडघाभर चिखल साचे आणि शिपाई त्यात दिवसच्या दिवस उभा राही. पाय सुजत, बधिर पडत, पुढे काळे पडून कापावे लागत. खंदकांची मापंसुद्धा त्यांच्यासाठी नव्हती. उंच गोऱ्या पलटणींनी खणलेले खंदक गुरख्यांच्या वाट्याला आले, तेव्हा काठावरून बाहेर पाहायला आणि नेम धरायला त्यांना पायाखाली काहीतरी घ्यावं लागे. समोर जर्मनांकडे हातबाँब होते, इकडे ते जवळजवळ नव्हतेच. मग सफरमैनांनी, म्हणजे खणकाम-बांधकाम करणाऱ्या तुकड्यांनी, मुरंब्याचे रिकामे डबे गोळा केले, त्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरले, वर वात लावली आणि ते पेटवून फेकायला सुरुवात केली. वात किती लांब ठेवायची याचा अंदाज चुकला तर डबा हातातच फुटे.

या सफरमैनांत आपल्याकडचीही माणसं होती. खडकीला मुख्य ठाणं असलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. त्यांचं काम पूल बांधणं, खंदक खणणं, तारांची कुंपणं घालणं आणि तोडणं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल गाव परत घ्यायचं ठरलं, पण पायदळ पुरेसं नव्हतं. म्हणून या कंपन्यांना सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर उघड्या रानातून हल्ल्याला पाठवलं. ते गावात शिरले, घराघरांतून संगिनीनं लढले. मागून कुमक आली नाही आणि त्यांना पुन्हा त्याच उघड्या रानातून माघारी यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. ज्यांना सुरुंग आणि पूल यांचं खास शिक्षण दिलं होतं, ज्यांची जागा भरून निघायला वर्षं लागतात, अशी माणसं पायदळ म्हणून खर्ची पडली. वरिष्ठांच्या अहवालांत या दिवसाचं वर्णन शौर्याची गाथा म्हणून येतं आणि शौर्य तर होतंच. पण शौर्य हा शब्द आला की हल्ला का फसला हा प्रश्न मागे पडतो. पत्रांत नेमका तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

आता ही पत्रं आपल्यापर्यंत कशी आली ते पाहू, कारण पहिला मोठा आक्षेप तिथेच आहे. अमेरिकेतल्या गदर पक्षाचं साहित्य शिपायांच्या हाती पडेल या भीतीनं १९१४ च्या अखेरीला फ्रान्समध्ये हिंदी टपालाची तपासणी सुरू झाली. तिचा प्रमुख होता इव्हलिन हॉवेल हा हिंदुस्थानी नोकरीतला अधिकारी. येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांतली काही निवडून तो त्यांचे इंग्रजी उतारे करवून घेई आणि आपल्या अहवालाला जोडी. मूळ पत्रं पुढे घरी गेली आणि काळाच्या ओघात बहुतेक नाहीशी झाली. राहिले ते अहवाल. ते लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतल्या निवडक पत्रांचा डेव्हिड ओमिसी या इतिहासकारानं संपादित केलेला संग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे शिपायानं सांगितलं, पलटणीतल्या लिहिणाऱ्यानं लिहिलं, पलटणीच्या अधिकाऱ्यानं चाळलं, हॉवेलच्या कचेरीनं निवडलं आणि भाषांतर केलं. इतक्या हातांतून आलेल्या मजकुराला शिपायाचा आवाज कसं म्हणावं, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात आणि तो खोटा नाही. यातल्या एखाद्या वाक्याला धरून अमक्याच्या मनात नेमकं हेच होतं असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

तरीही या आक्षेपानं साक्ष बाद होत नाही. एक तर हॉवेलची कचेरी शिपायांची स्तुती करायला बसलेली नव्हती. पलटणींचं मन कुठे बिघडतं आहे हे शोधणं तिचं काम होतं, म्हणून तक्रारीची, निराशेची, इशाऱ्याची पत्रं तिनं मुद्दाम टिपून ठेवली. दुसरं असं की तपासणीचा दाबच पत्रांची भाषा घडवत होता आणि तो दाब आपल्याला दिसतो. जो माणूस मिरी आणि मिरचीची भाषा बोलतो, तो आपल्याला दोन गोष्टी एकदम सांगत असतो. एक त्याच्या मताची आणि दुसरी तो कोणत्या परिस्थितीत बोलतो आहे याची. हॉवेलनं स्वतः नोंदवून ठेवलं आहे की अशा आडवळणाच्या सूचना रोखणं तपासणीला जवळपास अशक्य आहे. १९१५ च्या जानेवारीत तर शिपाई पत्रांतून कविता करू लागले आहेत आणि हे आपल्याला मन अस्वस्थ झाल्याचं काळजी वाटण्याजोगं लक्षण वाटतं, असं त्यानं लिहिलं. एका परक्या अधिकाऱ्यालाही कळलं की साध्या वाक्यांत मावेना म्हणून हे लोक पद्याकडे वळत आहेत. तिसरी गोष्ट गावाकडची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना लगेच पटेल. चारचौघांत बसून पत्र सांगणं आणि गावात ते चारचौघांत वाचून घेणं यात परकेपणा नव्हता. साक्षर इंग्रज अधिकारी एकट्यानं डायरी लिहितो तो अस्सल अनुभव आणि निरक्षर शिपाई मित्राकरवी लिहवतो तो नक्कल, हा मापदंडच चुकीचा आहे.

पत्रांतून येणारी साक्ष एकरंगी नाही. इस्पितळातला एक जखमी जवान घरी कळवतो की याला लढाई म्हणू नका, हा जगाचा अंत आहे, आपल्या पूर्वजांच्या महाभारतात सांगितलं तसलं हे युद्ध आहे. दुसरा एक जण, बरा झाल्यावर पुन्हा खंदकात धाडतात याबद्दल बोलताना, भट्टीत दुसऱ्यांदा टाकलेल्या दाण्याचा दाखला देतो. पहिल्या खेपेला वाचला तरी दुसऱ्या खेपेला त्याच्यात जीव राहत नाही. ही तक्रार घाबरटपणाची मानून सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे धोरणाचा प्रश्न आहे. हिंदी सैन्याची राखीव फळी नावालाच होती. बदली माणसं येत नव्हती, आली तर म्हातारी किंवा अर्धवट शिकलेली येत, म्हणून जखमी बरे करून पुन्हा पुढे पाठवण्यावाचून सरकारला मार्ग नव्हता. नोकरीच्या करारात एकदा जखमी झाल्यावर घरी जाता येईल अशी शिपायांची समजूत होती. ती मोडली तेव्हा त्यांनी त्याला अन्याय म्हटलं. सेनापतींच्या चर्चेत जो मनुष्यबळाचा तुटवडा होता, तोच इथे खाटेवरच्या माणसाच्या तोंडून ऐकू येतो आणि त्याचं निदान चुकलेलं नाही.

याच काळात सरकारला एक संशय छळत होता. सुरुवातीच्या लढायांत हिंदी जखमींमध्ये हाताच्या जखमा फार दिसत होत्या, तेव्हा हे लोक स्वतःच हातावर गोळी मारून घेतात की काय, अशी कुजबूज वरपर्यंत पोचली. ब्रायटनच्या किचनर इस्पितळाचा प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यानं एक हजार जखमांची तपासणी करून गुप्त अहवाल दिला आणि या समजुतीला पुरावा सापडत नसल्याचं म्हटलं. हाताला जखम होण्याचं साधं कारण खंदकातच होतं. काठावरून बंदूक चालवताना डोकं आणि डावा हात एवढंच बाहेर असतं आणि डोक्याला गोळी लागलेले बहुतेक इस्पितळापर्यंत पोचत नाहीत. सेटनचा हा अहवाल प्रामाणिक होता. पण त्याच सेटनच्या इस्पितळाभोवती काटेरी तारा आणि पहारा होता आणि हिंदी माणसांना बाहेर शहरात जायला बंदी होती. जवळच्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यातल्या इस्पितळाचे फोटो तेवढे जगभर गेले. झुंबरांखाली खाटा, जातीधर्माप्रमाणे नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ. किचनर इस्पितळातला कोंडमारा त्या फोटोंत नव्हता. तिथे काम करणाऱ्या गोडबोले आडनावाच्या एका सब-असिस्टंट सर्जननं १९१५ मध्ये सेटनवरच गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. आपल्या लोकांना कैद्यांसारखं ठेवल्याचा राग त्यामागे होता. त्याला तुरुंगात जावं लागलं. त्याच्या कृत्याचं समर्थन करायचं कारण नाही, पण पॅव्हिलियनच्या झुंबरांइतकीच ही घटनाही त्या इस्पितळांच्या इतिहासाचा भाग आहे.

इतकं असूनही ही सगळी पत्रं दुःखाची नाहीत, आणि बळीचं चित्र इथेच तोकडं पडतं. पायदळ १९१५ च्या अखेरीला मेसोपोटेमियाला हललं, पण घोडदळ १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये राहिलं. मधल्या काळात फ्रेंच शेतकऱ्यांच्या घरांत त्यांचा मुक्काम पडे. तिथल्या बाया नवरे आघाडीवर असताना शेती, गोठा, हिशेब एकटीनं सांभाळतात, हे पाहून अनेकांनी घरी लिहिलं की आपल्या मुलींना शिकवा. मुलगे गमावलेल्या म्हाताऱ्या बाईनं आपल्याला मुलासारखं जेवायला घातल्याचं कोणी कळवलं. कोणी जमिनीच्या भावाची चौकशी केली, कोणी भावकीतल्या भांडणाबद्दल सल्ला दिला, कोणी बायकोचं पत्र का आलं नाही म्हणून घरच्यांना झापलं. ज्याचं चित्त एकाच वेळी तोफांकडे, बैलाच्या किमतीकडे आणि मुलीच्या शाळेकडे असतं, त्याला यंत्रात सापडलेला अजाण जीव म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

पत्रांपलीकडेही एक साक्ष आहे आणि ती ऐकता येते. जर्मनांच्या हाती सापडलेल्या हिंदी कैद्यांना बर्लिनजवळच्या व्ह्युन्सडॉर्फ इथल्या छावणीत ठेवलं होतं. भाषांचा अभ्यास करायला प्रशियाच्या सरकारनं नेमलेलं मंडळ तिथे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन गेलं. अभ्यासकांना उच्चार हवे होते, म्हणणं नव्हे. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग नावाच्या पंजाबी कैद्याला यंत्रासमोर उभं केलं, तेव्हा तो एका माणसाची गोष्ट सांगू लागला. तो माणूस हिंदुस्थानात लोणी खाई, मग विलायतच्या युद्धात आला, जर्मनीनं त्याला पकडलं, आता त्याला हिंदुस्थानात जायचं आहे, देवानं लवकर तह घडवला तर तो जाईल. सव्वा मिनिटाच्या आसपासचं हे बोलणं जवळजवळ सगळं तृतीयपुरुषी आहे. मी असं तो एकदाही म्हणत नाही. उच्चार गोळा करणाऱ्यांच्या यंत्रात त्यानं स्वतःची फिर्याद घालून ठेवली. मिरी-मिरचीच्या पत्रांत दिसतो तोच शहाणपणा इथेही दिसतो. ऐकणारा कोण आहे ते ओळखून, त्याच्या चौकटीत राहून, आपलं म्हणणं मांडायचं.

युद्धानंतर, आणि युद्ध चालू असतानाही, या साक्षीचं काय झालं याचं सर्वांत बोलकं उदाहरण रडयार्ड किपलिंगचं आहे. तपासणीतल्या पत्रांचे उतारे सरकारी मार्गानं त्याच्याकडे पोचवण्यात आले. त्यांवरून त्यानं हिंदी शिपायांची काल्पनिक पत्रं रचली, ती आधी अमेरिकेत नियतकालिकात आणि मग १९१८ मध्ये पुस्तकरूपात आली. फ्रेंच शेतकरी बाईचं कौतुक, मुलींना शिकवण्याचा आग्रह, हे सगळं त्यांत आहे. भट्टीतल्या दाण्याचा कडवटपणा मात्र त्यांत शोधून सापडणार नाही. शिपायाचे शब्द घेऊन त्यांतला निवाडा काढून टाकायचा, हे काम किपलिंगनं शब्दांत केलं आणि पुढे स्मारकांनी दगडात. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी नव्ह शापेलला हर्बर्ट बेकरनं उभारलेल्या हिंदी स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हा मार्शल फॉश हजर होते, किपलिंगही होता. स्मारक देखणं आहे, ४७०० हून जास्त नावं तिथे कोरलेली आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञ राहावं. ब्रायटनजवळच्या टेकडीवर जिथे ५३ हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला, तिथली संगमरवरी छत्री मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावरून बांधली. दोन्ही ठिकाणी मृतांचा मान राखला आहे. पण दगडावर नाव कोरता येतं, मत कोरता येत नाही. इंग्रजांच्या बाजूनं ही उणीव त्यांच्या कवींनी आणि आत्मचरित्रकारांनी भरून काढली, म्हणून खंदक म्हटला की जगाच्या डोळ्यांपुढे त्यांनीच रंगवलेला भ्रमनिरास उभा राहतो. हिंदी शिपायाच्या वतीनं असं लिहिणारे फार थोडे निघाले. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची हिंदी कथा ‘उसने कहा था’ १९१५ सालीच आली आणि तिचा मोठा भाग फ्रान्समधल्या खंदकात घडतो. मुल्कराज आनंद यांची अशाच शिपायावरची कादंबरी त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी आली. दोघेही खंदकात गेलेले नव्हते.

मराठी माणसाचा संबंध इथे आणखी गुंतागुंतीचा होतो. लंडनमधल्या त्या अहवालांत बहुतेक आवाज पंजाबी, पठाण, डोग्रा, गढवाली आहेत. मराठा पलटणी मोठ्या संख्येनं फ्रान्सऐवजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. तिथेही लढाई खंदकांचीच होती, निसर्ग वेगळा होता इतकंच. दिवसा भाजणारं ऊन, हिवाळी पावसात तैग्रिसचा पूर, आणि दोन्हींच्या मधे माश्या, हगवण, कॉलरा. टेसिफोनच्या लढाईनंतर जनरल टाउनशेंडचं सैन्य कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात अडकलं. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आत होत्या. शिधा घटत गेला तेव्हा घोड्यांचं मांस वाटायला काढलं. हिंदी शिपायांनी ते कितीतरी दिवस नाकारलं आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. टाउनशेंडनं पराभवाचं खापर या नकारावरही फोडलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी अनेकांनी ऐकलं नाही. याला आंधळा धर्मभोळेपणा म्हणून सोडून देणारे लेखक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. शिपायाचा प्रश्न व्यवहाराचा होता. धर्मगुरूनं परवानगी दिली तरी गावची पंगत ती मानेल का, मुलीचं लग्न ठरेल का, भावकी पाण्याला शिवू देईल का? सरकार एक दिवस निघून जाईल, गावात मात्र आपल्यालाच जगायचं आहे. उपासमारीतही त्यानं हा विचार केला, हेच त्याच्या बुद्धीचं प्रमाण आहे. शरणागतीनंतर सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. वाळवंटातल्या पायपिटीत आणि पुढे रेल्वेच्या कामावर त्यांतले कित्येक मेले.

या माणसांची मराठीतली साक्ष जवळजवळ उपलब्ध नाही. बंगालमधल्या रुग्णसेवा पथकाचे शिशिर सर्वाधिकारी कुतमध्ये कैद झाले. त्यांनी कैदेतली डायरी फाडून तिची पानं बुटांत लपवून वाचवली आणि १९५७ च्या सुमारास तिच्यावरून पुस्तक केलं. मराठीत डॉक्टर म्हणून सैन्यात गेलेल्या कॅप्टन गो. गं. लिमये यांचं ‘सैन्यातील आठवणी’ आहे. दोघेही शिकलेले, दोघेही दवाखान्याच्या बाजूचे. बंदूक घेऊन खंदकात उभा राहिलेला सातारा-रत्नागिरीकडचा शिपाई कागदावर बोलताना सापडत नाही. त्यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला आहे की मराठी समाजाला या युद्धाचं काही वाटलं नाही, हे पंजाबचं दुःख. पण सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. घाटावर आणि कोकणात अशी पुष्कळ गावं आहेत जिथे देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली फरशी आढळते. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच तिचा मजकूर. नाव एकही नाही. वाटलं नाही असं म्हणण्याआधी आठवण ठेवायला त्यांच्या हाती काय दिलं गेलं, ते पाहायला हवं. दिला गेला तो आकडा.

हाच आकडा बसऱ्याला आणखी कठोर रूपात भेटतो. मेसोपोटेमियात ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांवर सैनिकांचं स्मारक तिथे १९२९ मध्ये झालं. गोऱ्या सैनिकांची नावं पाट्यांवर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांपुढे मात्र पलटणीचं नाव आणि आणखी इतके, असा उल्लेख आला. असे तीस हजारांहून जास्त शिपाई तिथे संख्येत जमा आहेत आणि मराठा पलटणींचे शिपाई त्यांत आहेत. राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगानं २०२१ च्या अहवालात मान्य केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या अंदाजे ४५ हजार ते ५४ हजार मृतांची नोंद असमान रीतीनं झाली आणि किमान एक लाख १६ हजारांची तर नावानिशी झाली नाही किंवा अजिबातच झाली नाही. आयोगानं माफीही मागितली. त्या काळी दिलेलं कारण असं की या लोकांना कबरीवर नाव वगैरेचं महत्त्व वाटत नाही. ज्यांची पत्रं इज्जत, नाव आणि गावातली किंमत यांनी भरलेली होती, त्यांच्याबद्दल हे ठरवलं गेलं. ती पत्रं सरकारच्याच कपाटात होती.

शेवटचा आक्षेप सर्वांत जुना आहे. हे लोक महिना अकरा रुपयांसाठी परक्या सरकारकडून लढले, देशासाठी नव्हे. मग त्यांची आठवण कशाला? स्वातंत्र्यानंतरच्या पिढीनं हा आक्षेप मनोमन मानला, म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांत फारसं आलं नाही. पण त्या काळच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलेलं नाही. १९१८ मध्ये गांधीजी खेड्यापाड्यांतून भरतीसाठी फिरत होते. टिळकांचा पाठिंबा सशर्त होता: स्वराज्याचं आश्वासन आणि हिंदी माणसांना अधिकारपदं. त्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना बोलू दिलं नाही. पुढे सरकारकडून अधिकारपदांची हमी मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे जप्त करा, असं म्हणून टिळकांनी गांधीजींकडे पन्नास हजारांचा धनादेश धाडला. हमी मिळाली नाही आणि धनादेश परत आला. लायकी असूनही हिंदी माणूस वर का चढू शकत नाही, हा टिळकांचा सवाल आणि गोऱ्यांआधी आम्हाला का खर्ची घालता, हा पत्रांतला सवाल, दोन्ही एकाच मुळातून आलेले आहेत. एकानं तो व्यासपीठावरून विचारला, दुसऱ्यानं मिरी-मिरचीच्या आडून. देशासाठी लढला की नाही, या एका कसोटीवर त्याला नापास करायचं असेल तर राज्यकर्त्यांच्या न्यायाविषयी इतकं थेट बोलणारा तेव्हाच्या खेड्यातला दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?

बसऱ्याच्या दगडावर जे कोरलं नाही ते एका जागी मात्र कोरलेलं आहे. महायुद्धाच्या नोकरीबद्दल शिपायाला जे चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल मिळालं, त्याच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कित्येक घरांत ही पदकं ट्रंकेत, देव्हाऱ्यात पडून आहेत आणि चांदी म्हणून वजनावर मोडलीही जातात. कडेवरची अक्षरं झिजलेली असली तरी तिरप्या उजेडात वाचता येतात. त्या क्रमांकावरून पलटणीच्या यादीत त्या माणसाचा शोध सुरू करता येतो. मग तो कुठल्या खंदकात उभा होता, कधी जखमी झाला, कुतमध्ये होता की नाही, हे प्रश्न तरी नावानिशी विचारता येतात.